मंजूर झालं म्हणजे मिळालं का?

गेल्या दोन महिन्यांच्या टपालातून आम्ही दोन पत्रं बाजूला काढून ठेवली होती. पहिलं मराठवाड्यातल्या एका बहिणीचं. त्यांच्या बचत गटाने तालुक्याच्या गावी एका सरकारी प्रशिक्षण शिबिराला चार दिवस जेवण पुरवलं. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "तुम्ही सुरू करा, बिलाचं मी बघतो." शिबिर पार पडलं, साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणतात की या खर्चाला मंजुरी नव्हती, तरतूदही नव्हती, मग सही कशाच्या आधारावर करू? किराणा उधारीवर आणला होता आणि दुकानदार आता रोज दारात येतो. दुसरं पत्र कोकणातल्या एका वडिलांचं. 'शिष्यवृत्तीसाठी कोट्यवधींची तरतूद' या बातमीचं कात्रण त्यांनी सोबत जोडलंय आणि विचारलंय की पैसा मंजूर आहे, मुलीचा अर्ज बरोबर आहे, मग खात्यात काहीच का येत नाही?

पहिल्या पत्रात मंजुरी नाही म्हणून पैसा अडलाय, दुसऱ्यात मंजुरी असूनही पैसा नाही. दोन्हींचं उत्तर मात्र एकाच कायद्यात आहे. सरकारी पैशाला कुलूप आहे. त्याची किल्ली साहेबांकडे नसते, मंत्र्यांकडेही नसते. या वेळी त्या कुलपाबद्दल लिहायचं ठरवलं, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांचा सरकारशी पैशाचा संबंध येतो. कुणी मंडप घालतो, कुणी छपाई करतो, कुणी शाळेला बाकं पुरवतो, कुणाची मुलं शिष्यवृत्तीवर शिकतात.

राज्याला कर, फी, कर्ज अशा सगळ्या वाटांनी मिळणारा पैसा एका मोठ्या पेटीत जमा होतो. तिला 'राज्याचा एकत्रित निधी' म्हणतात. संविधानाच्या अनुच्छेद २६६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कायद्यानुसार असल्याशिवाय या निधीतून एक पैसाही काढता येणार नाही. कायदा कुठला? दरवर्षी अर्थसंकल्प मांडल्यावर प्रत्येक खात्याच्या मागण्या विधानसभेपुढे ठेवल्या जातात. सभागृह मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं, कमी करू शकतं, पण आपणहून वाढवू शकत नाही. मागण्या मंजूर झाल्या की अनुच्छेद २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक येतं. ते पास झालं की कोणत्या कामासाठी जास्तीत जास्त किती पैसा काढता येईल हे त्या वर्षापुरतं ठरतं. केंद्रात हेच काम लोकसभा करते. (टीव्हीवर अर्थमंत्र्यांचं भाषण सगळे बघतात, विनियोजन विधेयकाच्या दिवशी कुणी टीव्ही लावत नाही. खरी किल्ली मात्र त्या दिवशी फिरते. शेवटच्या दिवशी तर उरलेल्या कितीतरी मागण्या चर्चेविनाच मतदानाला टाकतात, हे आम्हाला फार खटकतं.)

या मंजुरीला तीन कुंपणं आहेत. एक रकमेचं: मंजूर आकड्याच्या वर जायचं नाही. दुसरं हेतूचं: रस्त्यासाठी घेतलेला पैसा वसतिगृहाला लावायचा नाही. एकाच मागणीच्या आत, काही अटींवर, इकडचा पैसा तिकडे फिरवता येतो. त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. एका मागणीतून दुसऱ्या मागणीत मात्र सभागृहाला विचारल्याशिवाय काही जात नाही. जकातीचा पैसा मस्जिदीच्या रंगरंगोटीला लावत नाहीत हे आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे हे कुंपण समजायला आपल्याला जड जाऊ नये. तिसरं कुंपण काळाचं: ३१ मार्चच्या रात्री उरलेली मंजुरी संपते. १ एप्रिलला पाटी कोरी.

मार्चमध्ये सरकारी कचेऱ्यांत जी धावपळ असते ती या तिसऱ्या कुंपणामुळे. वर्षभर झोपलेल्या फायली शेवटच्या पंधरवड्यात उठतात आणि ट्रेझरीपुढे देयकांची रांग लागते. या घाईत वाईट खरेदी होते, हे सरकारलाही मान्य आहे. म्हणूनच केंद्राच्या वित्त मंत्रालयाने आपल्या खात्यांना बंधन घातलं की वर्षाच्या तरतुदीतला ३३ टक्क्यांहून जास्त खर्च शेवटच्या तिमाहीत नको आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त नको.

वर्षाच्या मध्येच पैसा कमी पडला तर? त्यालाही वाट आहे. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांत 'पुरवणी मागण्या' आल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या हीच वाट. अचानक पूर आला, दुष्काळ पडला आणि अधिवेशन चालू नसलं, तर आकस्मिकता निधीतून तात्पुरती उचल घेतात आणि पुढच्या अधिवेशनात मंजुरी घेऊन ती भरून काढतात. केंद्राचा असा निधी आधी ५०० कोटींचा होता, २०२१ मध्ये तो ३०,००० कोटींचा केला. आणि एवढं करूनही मर्यादा ओलांडलीच तर कॅगच्या अहवालात ते येतं, लोकलेखा समिती कारणं विचारते आणि त्या जादा खर्चाला मागाहून सभागृहाची मंजुरी घ्यावी लागते. ही शेवटची पायरी कागदावर कडक आहे. प्रत्यक्षात देशभर अनेक राज्यांत असा जादा खर्च वर्षानुवर्षं मंजुरीविना पडून राहतो, आणि कॅग दरवर्षी तेच वाक्य पुन्हा लिहितं.

कुलूप आहे पण कुणी ओढून बघत नाही, अशी स्थिती आली तर काय होतं ते बिहारने दाखवलं. पशुसंवर्धन खातं वर्षामागून वर्ष मंजूर तरतुदीपेक्षा कितीतरी जास्त रक्कम ट्रेझऱ्यांतून उचलत राहिलं, न आलेल्या चाऱ्याची आणि न आलेल्या औषधांची बिलं दाखवून. जादा उचल आकड्यांत दिसत होती. जानेवारी १९९६ मध्ये चाईबासाच्या उपायुक्तांनी छापा घातला तेव्हा गोष्ट उघड झाली. एकट्या चाईबासा ट्रेझरीतून सुमारे ३७ कोटी ७० लाख गेले होते, सगळा आकडा साडेनऊशे कोटींच्या आसपास सांगितला गेला. याच चाईबासा प्रकरणात २०१३ साली लालूप्रसाद यादव दोषी ठरले. म्हणून नव्या साहेबांनी 'तरतूद नाही' म्हणून सही नाकारली, तर आम्ही त्यांना लगेच खलनायक म्हणणार नाही. त्यांची सही अडणं हाच त्या कुलपाचा उपयोग.

अमेरिकेत हे कुंपण आपल्याहून उंच आहे. तिथे पूर्वी लष्कर आणि आरमार वर्षाचा पैसा काही महिन्यांतच उडवून टाकत, पैसा हाती नसताना करार करून मोकळे होत आणि मग संसदेकडे येत: काम झालंय, माणसं बिलाची वाट बघतायत, आता द्याच. संसद द्यायची, दुसरं करणार काय? या जुलमाला कंटाळून १८७० आणि १८८४ मध्ये कायदे झाले, १९०५ आणि १९०६ मध्ये ते आणखी कडक केले. मंजुरीच्या वर खर्च तर नाहीच, पण मंजुरीआधी सरकारला देणं लागेल असा शब्दही अधिकाऱ्याने कुणाला द्यायचा नाही. जाणूनबुजून मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. एवढंच काय, जीव किंवा मालमत्ता धोक्यात असल्याखेरीज सरकारने कुणाची फुकट सेवाही घ्यायची नाही, कारण आज फुकट म्हणणारा उद्या बिल घेऊन येतो! वेळेत खर्चाचा कायदा पास झाला नाही की तिथली खाती बंद पडतात, ती याच कायद्याने. आधी अशा वेळी खाती कशीबशी चालू ठेवत. १९८० मध्ये तिथल्या महान्यायवाद्यांनी लेखी मत दिलं की असं चालणार नाही, तेव्हापासून कुलपं लागू लागली. डिसेंबर २०१८ च्या अखेरीपासून ३५ दिवस, आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस. लाखो कर्मचारी बिनपगारी. आपल्याकडे ही पाळी येत नाही, कारण आपल्या संविधानात लेखानुदानाची सोय आहे. पूर्ण अर्थसंकल्पाला उशीर होणार असेल तर काही महिन्यांपुरता खर्च सभागृह आगाऊ मंजूर करतं.

आता बचत गटाच्या पत्राकडे वळू. तरतूद हा एक मुद्दा, करार हा दुसरा. अनुच्छेद २९९ म्हणतो की सरकारचा करार राज्यपालांच्या (केंद्रात राष्ट्रपतींच्या) नावाने व्हायला हवा आणि ज्याला अधिकार दिलाय त्यानेच तो करायला हवा. फोनवरचा शब्द, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा, चिठ्ठीवरची सही यांना करार म्हणत नाहीत. १९४३ सालची एक गोष्ट आहे. दुष्काळाचे दिवस. रेल्वेच्या एका विभागीय अधिकाऱ्याने भिकराज जैपुरिया यांना धान्य पुरवायच्या ऑर्डरी दिल्या. काही धान्य गेलं, मग रेल्वेने पुढचं घ्यायचं नाकारलं. व्यापाऱ्याने उरलेलं धान्य विकून तोटा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ऑर्डर कायद्याने ठरलेल्या नावाने निघालीच नव्हती, म्हणून करारच नाही आणि करार मोडल्याची भरपाईही नाही. (तेव्हा १९३५ चा कायदा होता, त्यातलं कलम आपल्या २९९ सारखंच.)

हे वाचून ती बहीण निराश होईल, म्हणून दुसरा निकाल सविस्तर सांगतो. १९४४. बंगालच्या नागरी पुरवठा खात्याला आरामबागला कच्चा रस्ता, पहाऱ्याची खोली, कचेरी, स्वयंपाकघर हवं होतं, खानाकुलला कोठारं हवी होती. बी. के. मंडल अँड सन्स या फर्मने ती अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधून दिली. खात्याने ती वापरली. बिल १९ हजारांच्या वर गेलं, तेव्हा सरकार म्हणालं की त्या अधिकाऱ्यांना करार करायचा अधिकारच नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर १९६१ च्या निकालात बहुमताचं मत न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिलं, आपल्या साताऱ्याचे. त्यांनी करार नाही हे मान्यच केलं. पण भारतीय करार कायद्याचं कलम ७० पुढे आणलं. कुणी कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर फायदा घेणाऱ्याने एकतर ती वस्तू परत करावी किंवा मोबदला द्यावा. खात्याला कोठारं नको असती तर ती परत करायची होती. वापरली, मग मोल द्या. सरकारचं अपील फेटाळलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की फरक कळतो. जैपुरियांचं जे धान्य रेल्वेने घेतलंच नाही त्याचा तोटा त्यांचा त्यांनाच सोसावा लागला. मंडलांचं बांधकाम खात्याने वापरलं म्हणून त्याचं मोल मिळालं. चार दिवसांचं जेवण शिबिरार्थींनी खाल्लंय, ते परत करण्याजोगं नाही. म्हणजे त्या बहिणीची बाजू दुसऱ्या निकालाच्या जवळची आहे, फक्त जेवण दिलं आणि खात्याने घेतलं हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. हजेरीपत्रक, शिबिराचं वेळापत्रक, रोजच्या ताटांची वही, त्यावर कुणा कर्मचाऱ्याची सही असली तर उत्तम, किराण्याच्या पावत्या, फोटो, साहेबांचे मेसेज, सगळं सांभाळून ठेवा. करारासाठी मेसेज उपयोगी नाही, पण काम सांगण्यावरून झालं आणि फुकट नव्हतं हे दाखवायला तोच मेसेज उपयोगी पडतो. न्यायालयाने हुकूमनामा दिला तर ती रक्कम अनुच्छेद २०२ प्रमाणे 'भारित' खर्चात जाते, म्हणजे ती विधानसभेच्या मतदानाला टाकत नाहीत. मात्र मंडलांना १९४४ च्या कामासाठी १९६१ पर्यंत लढावं लागलं. किराणा दुकानदार इतकी वर्षं थांबणार नाही. त्यामुळे आमचा रोख काम घेण्याआधीच्या वेळेवर आहे.

सरकारी काम घेताना लेखी कार्यादेश मागा, आणि त्यावर कुठल्या मंजुरीचा क्रमांक, कुठलं लेखाशीर्ष लिहिलंय ते बघा. लेखाशीर्ष म्हणजे पैसा कुठल्या कप्प्यातून येणार त्याचा नंबर. तो नसेल तर कप्पा ठरलेला नाही असं समजा. खर्चाला मान्यता देणारे शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर असतात, शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं लिहिलेलं असतं, आणि त्यात वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक असतो. ती वित्त विभागाने फाईल बघितल्याची खूण. जिल्हा परिषद, महापालिका, महामंडळं यांचे कायदे आणि अंदाजपत्रकं वेगळी, पण हाच प्रश्न तिथेही विचारायचा: कुठली तरतूद, कुणाची मंजुरी? विचारल्याने काम जाईल अशी भीती वाटते खरी. बायकांना तर साहेबांपुढे कागद मागायचा म्हणजे संकोच. पण दिलेल्या जेवणाचे पैसे मागण्यात जास्त संकोच होतो, असं त्या पत्रातल्या अक्षरावरूनच आम्हाला दिसलं.

आता कात्रण पाठवणाऱ्या वडिलांचा प्रश्न. तरतूद ही कमाल मर्यादा आहे, देण्याचं वचन नाही. विधानसभेने शंभर रुपयांना मंजुरी दिली म्हणजे शंभरपर्यंत खर्च करायला परवानगी दिली. साठच खर्च केले तर विनियोजनाचा कायदा मोडत नाही. मंजुरीनंतर वित्त विभाग पैसा टप्प्याटप्प्याने सोडतो, खातं निधी वितरणाचा आदेश काढतं, मग तो संगणकावरच्या बीम्स प्रणालीतून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे पोचतो, तो देयक करून ट्रेझरीत पाठवतो, आणि शेवटी मुलीचं खातं. मधली एखादी पायरी ३१ मार्चपर्यंत झाली नाही की त्या वर्षीची मंजुरी गेली. वर्तमानपत्रं पहिल्या पायरीची बातमी करतात. नुसती तरतूद दाखवून न्यायालयात हक्क मागता येत नाही. हक्क येतो तो कायद्यातून किंवा योजनेच्या नियमांतून. रेशनचं धान्य २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यामुळे हक्काचं आहे. शिष्यवृत्ती बहुधा योजना असते, आणि योजना सरकार बदलतं, बंदही करतं. अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून थांबली, मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी बंद झाली. आम्हाला हे निर्णय पटलेले नाहीत, पण त्यासाठी कुठला कायदा मोडावा लागला नाही, हे समजून घ्यायला हवं.

हजच्या अनुदानाची गोष्टही याच धाग्यातली. खर्चाच्या हेतूला संविधानाचं आणखी एक बंधन आहे, अनुच्छेद २७: एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून कुणावर कर लादता येत नाही. त्यावरून हज अनुदानाला आव्हान दिलं गेलं. जानेवारी २०११ मध्ये न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. कराचा मोठा हिस्सा, समजा सगळ्या आयकराच्या २५ टक्के, असा लावला असता तर वेगळं, इथे तसं नाही असं ते म्हणाले. पुढे ८ मे २०१२ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांनी हे अनुदान दहा वर्षांत कमी करत संपवा, हा पैसा समाजाच्या शिक्षणाला लावलेला बरा, असं सांगितलं. २०१८ मध्ये ते बंद झालं, वाचलेला पैसा मुलींच्या शिक्षणाला जाईल असं जाहीर झालं. आपल्या अनेकांना हे मनापासून पटलं होतं. पण 'वाचलेला पैसा' असा वेगळा डबा सरकारात नसतो. अनुदान बंद झालं म्हणजे एक मागणी कमी झाली, पैसा मोठ्या पेटीतच राहिला. तो मुलींच्या शाळेपर्यंत पोचायचा तर नवी मागणी, नवी मंजुरी, पुन्हा तोच सगळा प्रवास. न्यायालयाची सूचना किंवा मंत्र्यांची घोषणा त्या जागी चालत नाही.

त्या वडिलांनी अल्पसंख्याक विकास विभागाला 'पैसे कधी येणार' असं विचारू नये, त्याचं उत्तर 'लवकरच' असंच येतं. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या तिकिटावर असं विचारावं: या लेखाशीर्षावर यंदा तरतूद किती, वितरित किती, ३१ मार्चअखेर खर्च किती, परत किती गेला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते आकडे आमदारांकडे न्यावेत, कारण पुरवणी मागण्यांवर बोलायचा हक्क त्यांना आहे.

आणि बचत गटासाठी तारखांची गोष्ट. असा दावा लावायची मुदत साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षं असते. राज्य सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, खात्याच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना. हे दोन महिने तीन वर्षांत मोजत नाहीत. नोटीस वकिलांकडून लिहून घ्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना मोफत वकील मिळतो. खूपदा नोटीस पोचल्यावरच खातं फाईल शोधतं आणि पुरवणी मागणीत रक्कम टाकता येईल का ते बघतं. त्यामुळे हिवाळी अधिवेशनाच्या बरंच आधी ती द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.